गोवा १९६१: राष्ट्रे युद्ध का करतात आणि ते न्याय्य कधी ठरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न एवढा मोठा, मग चर्चा फक्त गोव्याचीच का?

कारण हा प्रश्न हवेत सुटत नाही. ‘युद्ध वाईटच’ म्हणणारा आणि ‘आपले युद्ध योग्यच’ म्हणणारा, दोघेही विचार करण्याच्या कष्टातून सुटतात. एखादे युद्ध हातात घ्यावे, त्याच्या तारखा, कागद आणि मृतांचे आकडे समोर ठेवावेत आणि मग विचारावे की हे करायला हवे होते का.

डिसेंबर १९६१ मध्ये भारताने सैन्य पाठवून गोवा, दमण आणि दीव पोर्तुगालच्या ताब्यातून सोडवले. ही लष्करी कारवाई आपल्या दाराशी झाली. सत्याग्रहींच्या तुकड्या पुण्या-मुंबईहून निघून सावंतवाडी, बांद्यामार्गे हद्दीवर पोचत होत्या. दमणवर चालून गेली ती मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन. तरीही मराठीत या युद्धाबद्दल आपण बहुतेक वेळा अभिमानानेच बोलतो, तपासणी फारशी करत नाही. माझे मत लपवत नाही: ते युद्ध न्याय्य होते. त्याची न्याय्यता नकाशातून आलेली नाही. ती आधीच्या चौदा वर्षांतून आली आणि गोव्याच्या माणसांनी स्वतः भोगलेल्या तुरुंगवासातून आली. एक गोष्ट मात्र आपण करायला हवी होती आणि केली नाही. तीही पुढे येईल.

मुळात राष्ट्रे युद्ध का करतात?

अडीच हजार वर्षांपूर्वी थ्युसिडिडीस या ग्रीक इतिहासकाराने तीन कारणे नोंदवली: भीती, मान आणि लाभ. आपल्याकडे कौटिल्याने विजेत्यांचे तीन प्रकार केले. धर्मविजयी शरण आल्यावर समाधान मानतो, लोभविजयी भूमी आणि द्रव्य घेतो, असुरविजयी प्राणही सोडत नाही. या दोन मांडण्यांपलीकडचे नवे कारण एखाद्या आधुनिक युद्धात मला क्वचितच दिसले आहे.

१९६१ मध्ये पोर्तुगालच्या बाजूला भीती आणि मान ही दोन्ही होती. गोव्यातून लिस्बनला पैसा फारसा मिळत नव्हता. पण हुकूमशहा अँतोनियो सालाझार यांची राजवट ‘पोर्तुगाल हा छोटा देश नाही’ या कल्पनेवर उभी होती. १९५१ मध्ये त्यांनी राज्यघटना बदलून वसाहतींना ‘सागरापारचे प्रांत’ ठरवले. म्हणजे गोवा वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच तुकडा, मग त्याच्याबद्दल बोलणी कसली? गोवा वाटाघाटीत सोडला तर अंगोला आणि मोझांबिक कोणत्या तोंडाने धरून ठेवणार, ही खरी भीती होती. आणि अंगोला, मोझांबिकमध्ये लाभ नक्कीच होता.

भारताच्या बाजूलाही निव्वळ तत्त्वच होते असे म्हणणे खोटे ठरेल. स्वतंत्र देशाच्या किनाऱ्यावर नाटो संघटनेच्या एका संस्थापक सदस्याचा झेंडा फडकत राहणे कोणत्याच सरकारला रुचले नसते. पण हेतू मिसळलेला आहे एवढ्यावरून कृती अन्याय्य ठरत नाही. शुद्ध हेतूची अट घातली तर जगात एकही न्याय्य कृती उरणार नाही.

१९४७ ते १९६१ या काळात भारताने काय केले? नुसती वाट पाहिली?

नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर नीट माहीत असल्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नाही.

सुरुवात १९४७ च्याही आधी आहे. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया मडगावात भाषणाला उभे राहिले आणि त्यांना अटक झाली. मागणी स्वातंत्र्याची नव्हती, सभा घेण्याच्या हक्काची होती. गोव्यात तेव्हा छापल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदाला सेन्सॉरची मंजुरी लागे, लग्नपत्रिकेलासुद्धा. त्याच वर्षी गोव्यातले स्वातंत्र्यवादी नेते त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना लष्करी न्यायालयासमोर उभे करून आठ वर्षांची शिक्षा झाली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात पाठवण्यात आले.

स्वतंत्र भारताने २७ फेब्रुवारी १९५० रोजी पोर्तुगालला अधिकृतपणे वाटाघाटींचे आमंत्रण दिले. उत्तर आले की यात बोलण्यासारखे काही नाही. १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. शेजारच्या तुलनेसाठी फ्रान्सकडे पाहावे. पुदुच्चेरीच्या प्रश्नावर फ्रान्स बोलला. ऑक्टोबर १९५४ मध्ये किळूर येथे लोकप्रतिनिधींचे मतदान झाले, १७८ पैकी १७० जणांनी भारतात येण्याच्या बाजूने मत दिले आणि १ नोव्हेंबरला कारभार हाती आला. एक गोळी न झाडता. म्हणजे भारताने मागितले ते अशक्यप्राय नव्हते. समोरच्याची बोलण्याची तयारी हवी होती.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आझाद गोमंतक दल ही क्रांतिकारकांची संघटना आणि इतर स्वयंसेवक यांनी दादरा आणि नगर हवेली हे पोर्तुगालच्या ताब्यातले प्रदेश मोकळे केले. त्यानंतर तिकडे सैन्य नेण्यासाठी भारताच्या हद्दीतून वाट मिळावी म्हणून पोर्तुगाल डिसेंबर १९५५ मध्ये द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेले. भारताच्या बाजूने ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड उभे राहिले आणि भारताने नेमलेले न्यायाधीश होते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म्हणून गाजलेले एम. सी. छागला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्याचा हक्क पोर्तुगालला आहे असे ठरले. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना तो नाही. भारताने हा खटला टाळला नाही, लढवला. ‘भारताला कायद्याशी देणेघेणे नव्हते’ असे म्हणणाऱ्यांनी ही चार वर्षांहून अधिक लढत हिशेबात धरावी.

सत्याग्रहानेच गोवा मुक्त करता आला नसता का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो विचारणारा माणूस बहुधा युद्धाला मनापासून विरोध करणारा असतो आणि त्याला टाळून पुढे जाणे योग्य नाही.

सत्याग्रह झाला, आणि मोठा झाला. मे १९५५ मध्ये सेनापती बापट आणि ना. ग. गोरे यांनी तुकडी घेऊन हद्द ओलांडली. बापटांचे वय तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. पोर्तुगीज पोलिसांनी मारहाण करताना ते पाहिले नाही. गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यामागोमाग आत गेलेल्या मधु लिमयेंना बारा वर्षांची. दोघेही आग्वादच्या तुरुंगात राहिले आणि १९५७ मध्ये सुटले. आतल्या गोवेकरांचे हाल यापेक्षा वाईट होते, कारण त्यांच्यासाठी दिल्लीत बोलणारे कोणी नव्हते. फेब्रुवारी १९५४ मध्ये डॉ. पुंडलिक गायतोंडे या शल्यचिकित्सकाने एका मेजवानीत, ‘गोवा म्हणजे पोर्तुगालच’ असे कोणी म्हणाल्यावर, ‘माझा निषेध आहे’ एवढेच शब्द उच्चारले. त्यासाठी अटक, आणि हद्दपारी थेट पोर्तुगालला.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी तीन हजारांहून अधिक सत्याग्रही वेगवेगळ्या वाटांनी गोव्यात आणि दमणमध्ये शिरले. हातात तिरंगा, अंगावर रोजचे कपडे. पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. वीसहून अधिक माणसे मेली. पनवेलचे हिरवे गुरुजी त्यांत होते. पंजाबातून आलेला तरुण शिक्षक कर्नैलसिंग बेनिपाल गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीला पडला.

सत्याग्रहाची ताकद दोन गोष्टींवर चालते असे मला वाटते: समोरच्या सत्तेला लाज वाटावी आणि तिच्या घरच्या लोकांना बातमी कळावी. ब्रिटनमध्ये संसद होती, विरोधी पक्ष होता, दांडीच्या बातम्या लंडनच्या वर्तमानपत्रांत येत होत्या. सालाझारच्या पोर्तुगालमध्ये पोर्तुगीज माणसालाच बोलण्याची मुभा नव्हती. पत्रादेवीला काय झाले हे लिस्बनच्या रस्त्यावरच्या माणसाला कळणार कसे, आणि कळले तरी तो कोणाला मत देणार? सत्याग्रही कमी पडले नाहीत. ज्यांच्या मनाला हात घालायचा, त्यांच्यापर्यंत त्यांचे मरण पोचूच दिले गेले नाही.

नेहरूंनी या गोळीबारानंतर भारतीय नागरिकांचे सामूहिक सत्याग्रह थांबवले. त्या वेळी महाराष्ट्रात त्यांच्यावर प्रचंड राग होता आणि तो समजण्यासारखा आहे. पण निःशस्त्र माणसांना पुन्हा पुन्हा गोळ्यांसमोर पाठवत राहणे हाही काही नैतिक मार्ग नव्हता.

आर्थिक नाकेबंदी केली होती ना? तिने काय साधले?

फार थोडे. १९५५ मध्ये भारताने राजनैतिक संबंध तोडले, हद्द बंद केली, कॅसलरॉकवरून मुरगावकडे जाणारी रेल्वे थांबली, मुंबईत नोकरी करणाऱ्या गोवेकरांचे घरी पैसे पाठवणेही अडचणीत आले. सालाझारला याची झळ बसली नाही. गोव्यातल्या लोहखनिजाची जपान आणि पश्चिम जर्मनीकडे निर्यात जोरात सुरू होती, त्या पैशांवर बाहेरून तांदूळ, बटाटे, सिमेंट सगळे येत राहिले. कुटुंबे मात्र दोन्हीकडे तुटली. आईच्या मर्तिकाला जाता आले नाही अशा हकिगती गोव्याच्या अनेक घरांत ऐकायला मिळतील.

नाकेबंदी हा युद्धाला सौम्य पर्याय आहे असे आपण सहज धरून चालतो. हुकूमशहासमोर ती पुष्कळदा गरिबाच्या ताटातलेच कमी करते. हे लक्षात आल्यावर पुढे भारतानेच ती बरीच सैल केली.

मग डिसेंबर १९६१ च का? निवडणूक जवळ आली म्हणून?

फेब्रुवारी १९६२ मध्ये सार्वत्रिक निवडणुका होत्या. संरक्षणमंत्री व्ही. के. कृष्ण मेनन उत्तर मुंबईतून आचार्य कृपलानींविरुद्ध उभे राहणार होते. या तारखा नजरेआड करता येत नाहीत, आणि मेनन यांना गोव्याचा फायदा झाला नाही असे मी म्हणणार नाही.

पण त्या वर्षी इतरही काही बदलले होते. १९६१ च्या सुरुवातीला अंगोलात उठाव झाला आणि पोर्तुगालने तो रक्तात बुडवला. ऑक्टोबरात दिल्लीत पोर्तुगीज वसाहतींवर परिसंवाद भरला. तिथे आफ्रिकेतल्या नेत्यांनी सरळ विचारले की तुमच्या अंगणातल्या पोर्तुगालला तुम्ही हात लावत नाही, मग आम्ही कोणाकडे पाहायचे? नेहरूंना हे लागले. १७ नोव्हेंबरला कारवारजवळच्या, पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या अंजदीव बेटावरून ‘साबरमती’ या प्रवासी बोटीवर गोळीबार झाला, आणि काही दिवसांत एक मच्छीमार गोळीने मेला. त्यानंतर सैन्य हलले.

शेवटच्या आठवड्यातही हात आखडत होता. संयुक्त राष्ट्रांचे हंगामी सरचिटणीस यू थांट यांनी दोन्ही पंतप्रधानांना बोलणी करण्याचे आवाहन केले. अमेरिकेचे राजदूत गॅलब्रेथ मुदत मागत होते. कारवाईची तारीख पुढे ढकलली गेली. पण मुदत कशासाठी, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. लिस्बन बोलेल असा एक शब्दही कोणी आणला नाही.

प्रत्यक्ष युद्धात काय झाले?

‘ऑपरेशन विजय’ १८ डिसेंबरला पहाटे सुरू झाले आणि १९ डिसेंबरला रात्री साडेआठच्या सुमारास गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्व्हा यांनी शरणागतीवर सही केली. मेजर जनरल के. पी. कँडेथ यांच्या सतराव्या डिव्हिजनसोबत ब्रिगेडियर सगतसिंग यांची पन्नासावी पॅरा ब्रिगेड उत्तरेकडून इतक्या वेगाने उतरली की १९ तारखेला सकाळी जवान पणजीत होते. समुद्रात ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या युद्धनौकांनी ‘अफोंसो द आल्बुकर्क’ या पोर्तुगीज जहाजाशी सामना केला आणि ते पेटून किनाऱ्याला लागले. हवाई दलाने दाभोळीची धावपट्टी उखडली.

भारताचे २२ जण गेले, पोर्तुगालचे सुमारे ३०. मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सहगल आग्वादमधल्या कैद्यांना सोडवायला जाताना मारले गेले. अंजदीववर उतरताना नौदलाचे सात जण पडले. दीवजवळ ‘व्हेगा’ ही छोटी गस्तीनौका विमानांसमोर लढत बुडाली आणि तिचा तरुण कप्तान मेला. त्या मुलाचा गुन्हा काय होता? तो ज्या देशात जन्मला, तिथल्या म्हाताऱ्या हुकूमशहाने त्याला तिथे पाठवले होते. न्याय्य युद्धातही समोर मरणारा बहुतेक वेळा निर्दोष असतो, आणि हे मान्य केल्याने युद्धाची न्याय्यता कमी होत नाही, तिची किंमत मात्र खरी लिहिली जाते.

एवढे कमी लोक मेले म्हणून ते न्याय्य म्हणायचे का?

नाही. कमी मरण हा न्यायाचा पुरावा नव्हे. पण ते कमी का मेले हे पाहण्याजोगे आहे. भारताचे बळ सुमारे ४५ हजार, पोर्तुगालचे साडेतीन हजारांच्या आसपास. प्रतिकार फार काळ टिकणार नाही हे दोघांनाही माहीत होते.

तरी रक्तपात होऊ शकला असता. १४ डिसेंबरला सालाझारने गोव्याला संदेश धाडला होता: तह नाही, पोर्तुगीज युद्धकैदी नाहीत, शरण येणारे जहाज नाही, सैनिक आणि खलाशी एक तर जिंकलेले असतील नाही तर मेलेले. गोवा उद्ध्वस्त करून सोडण्याचीही अपेक्षा होती. व्हासालो इ सिल्व्हांनी तसे केले नाही. पणजीची गल्लीगल्ली लढवली असती तर शेकडो गोवेकर मेले असते. त्यांनी सही केली आणि घरी परतल्यावर त्याची शिक्षा भोगली: १९६३ मध्ये सैन्यातून बडतर्फी, आणि हुद्दा परत मिळाला तो पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतर. १९८० मध्ये ते गोव्यात पाहुणे म्हणून आले तेव्हा लोकांनी त्यांचे मनापासून स्वागत केले. गोवामुक्तीच्या इतिहासात या माणसाचे नाव आदराने घ्यावे असे मला ठामपणे वाटते.

आंतरराष्ट्रीय कायद्याने ही कारवाई बेकायदा होती का?

सनदेचा शब्द धरला तर भारताची बाजू अवघड होती, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे कलम २(४) दुसऱ्या राष्ट्राविरुद्ध बळाचा वापर मना करते. कलम ५१ स्वसंरक्षणाची सवलत देते, पण एका बोटीवरच्या गोळीबाराला एवढे मोठे उत्तर स्वसंरक्षणात बसवणे कठीण होते. भारताचे प्रतिनिधी सी. एस. झा यांनी मुख्य भर तिथे दिलाच नाही. त्यांचे म्हणणे होते की १५१० मध्ये आल्बुकर्कने आदिलशहाकडून तलवारीने घेतलेल्या भूमीवर पोर्तुगालचा वैध हक्क तयारच होत नाही, म्हणून इथे दोन देशांमधली सीमा नाही आणि आक्रमणही नाही.

हा युक्तिवाद मला अर्धाच पटतो. जुनी जिंकलेली भूमी म्हणजे हक्क नाही असे धरले तर जगातल्या बहुतेक सीमा उसवतील. भारताची खरी ताकद दुसऱ्या कागदांत होती. १४ डिसेंबर १९६० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने वसाहतवाद संपवण्याचा जाहीरनामा संमत केला. दुसऱ्याच दिवशी ठराव १५४२ ने पोर्तुगालच्या वसाहतींची नावे घेऊन त्या ‘अस्वशासित प्रदेश’ असल्याचे जाहीर केले, आणि त्या यादीत गोवा होता. ‘सागरापारचा प्रांत’ हा दावा जगाने तिथेच फेटाळला. पोर्तुगालने ठराव मानायला नकार दिला.

१८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिकेचे ॲडलाय स्टीव्हन्सन भारतावर कडाडून बरसले. युद्धविराम आणि माघारीचा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान यांनी मांडला. त्याला ७ मते मिळाली, विरोधात ४: सोव्हिएत संघ, श्रीलंका, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडला. पुष्कळ लोक इथेच थांबतात आणि म्हणतात की रशियाने वाचवले. पण विरोधात मत देणाऱ्या उरलेल्या तिघांची नावे पाहा. आशिया-आफ्रिकेचे तीन सदस्य, तिघेही भारताच्या बाजूने. आणि १९ डिसेंबरला, शरणागतीच्याच दिवशी, आमसभेने ठराव १६९९ ने पोर्तुगालच्या आडमुठेपणाचा निषेध केला.

म्हणून माझे उत्तर असे: कायद्याचा एक नियम मोडला, कारण त्याच कायद्याचा दुसरा नियम पोर्तुगालने आधीच मोडून ठेवला होता आणि तो मोडणाऱ्याला वठणीवर आणण्याची कोणतीच सोय कायद्यात नव्हती. अशा वेळी नियम मोडणारा नेहमीच चुकतो असे मी मानत नाही. पण आपण नियम मोडला हे त्याने मान्य करावे.

गांधींच्या देशाने हे करणे म्हणजे दुटप्पीपणा नव्हता का?

पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी तेव्हा हेच लिहिले. देशातही राजाजींनी उघड टीका केली, आणि त्यांच्यासारख्या माणसाचे बोलणे झटकून टाकण्याजोगे नव्हते. नेहरू इतर देशांना वर्षानुवर्षे संयमाचे धडे देत आले होते, त्यामुळे त्यांचे शब्द त्यांच्यावरच उलटले. पण गोवेकरांनी दडपशाही सहन करत राहावी असे गांधींनी कधी म्हटले नव्हते. १९४६ मध्ये ते लोहियांच्या मागे उभे राहिले होते. आणि भारत सरकार हे कधीच संपूर्ण अहिंसावादी नव्हते. १९४७ पासून त्याच्याकडे सैन्य होते आणि काश्मीरमध्ये ते लढलेही होते.

गोवेकरांना कोणी विचारले होते का?

वर म्हटले ती राहून गेलेली गोष्ट हीच. नाही, विचारले नाही.

कारणे आहेत. सालाझार मतदान घेऊ देणे शक्यच नव्हते. मुक्तीनंतर विलीनीकरण लगेच झाले, १९६२ मध्ये घटनादुरुस्तीने गोवा, दमण, दीव हा केंद्रशासित प्रदेश झाला. गोवेकरांच्या इच्छेचे अप्रत्यक्ष पुरावे भरपूर आहेत: तुरुंगात गेलेल्यांच्या याद्या, डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीतला उत्साह. त्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि युनायटेड गोवन्स यांनीच जागा वाटून घेतल्या, गोव्यात काँग्रेसचा सपशेल पराभव झाला. सैन्य पाठवणाऱ्या पक्षाला मतदारांनी नाकारले, पण पोर्तुगाल परत हवा असे म्हणणारा कोणी मागे उभा राहिला नाही. यावरून लोक मोकळेपणाने मत देत होते हे दिसते.

तरी पुदुच्चेरीत जे १७८ प्रतिनिधींना विचारले, ते गोव्यात विचारायला हवे होते. उत्तर आपल्याला माहीत आहे असे वाटणे हे न विचारण्याचे कारण होऊ शकत नाही.

याचा धडा महाराष्ट्रालाही मिळाला. गोवा महाराष्ट्रात यावा असे इकडे जवळजवळ सगळ्यांनी गृहीत धरले होते. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल झाला. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते, विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. ज्यांच्यासाठी आपण सत्याग्रहाला गेलो, त्यांनी आपल्याला नम्रपणे ‘नको’ म्हटले. मला हा निकाल गोवामुक्तीचाच भाग वाटतो. ज्याला ‘नको’ म्हणता येते, तोच मोकळा झालेला असतो.

आणखी तेरा वर्षे थांबलो असतो तर? १९७४ मध्ये सालाझारने उभी केलेली राजवट पडलीच ना?

हा सर्वांत कठीण आक्षेप आहे. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये क्रांती झाली आणि वर्ष-दीड वर्षात आफ्रिकेतल्या वसाहती सुटल्या. मकाव तर १९९९ मध्ये कागदावर सह्या करून चीनकडे गेला. मग ती पन्नासेक माणसे वाचली असती, असे म्हणता येते.

पण १९७४ ची क्रांती आकाशातून पडली नाही. अंगोला, गिनी-बिसाव आणि मोझांबिकमधल्या तेरा वर्षांच्या युद्धांनी थकलेल्या पोर्तुगीज लष्करी अधिकाऱ्यांनी ती केली. म्हणजे ‘थांबा’ याचा अर्थ होतो: आफ्रिकन माणसे लढून मरेपर्यंत थांबा, आणि त्यांच्या रक्ताने गोवा मिळवा. शिवाय तेरा वर्षे आग्वादच्या कोठडीत कोण बसणार होते? थांबण्याचा सल्ला देणारा क्वचितच स्वतः कोठडीत असतो. आणि १९६१ मध्ये क्रांती होणार हे कोणालाच दिसत नव्हते. त्या दिवशी हातात असलेल्या माहितीवरच निर्णय तोलायला हवा.

गोवा न्याय्य असेल तर कोणताही बलाढ्य शेजारी हेच सांगून छोट्या प्रदेशात घुसेल. मग?

घुसलेच आहेत, आणि अगदी हीच भाषा वापरून. ७ डिसेंबर १९७५ रोजी इंडोनेशियाचे सैन्य पूर्व तैमूरमध्ये उतरले. तीही पोर्तुगालची जुनी वसाहत, तोही मोठ्या देशाला चिकटलेला छोटा प्रदेश. वरवर पाहिले तर गोव्याचीच आवृत्ती.

फरक पाहा. पोर्तुगाल तिथून निघूनच चालला होता, तो अडून बसला नव्हता. तैमूरच्या लोकांनी नऊ दिवस आधी, २८ नोव्हेंबरला, स्वतःचे स्वातंत्र्य जाहीर केले होते. इंडोनेशियात जाण्याची मागणी करणारे तिथे थोडेच होते. उलट इंडोनेशियाविरुद्ध लोक चोवीस वर्षे डोंगरात लढले. किमान एक लाख माणसे मारली गेली किंवा उपासमारीने आणि आजाराने मेली. शेवटी ३० ऑगस्ट १९९९ ला मतदान झाले तेव्हा ७८.५ टक्के लोकांनी इंडोनेशिया नाकारला. भारताने १९६१ नंतर कधी गोव्यात असे मतदान घेतले असते तर काय झाले असते याची मला शंका नाही, पण तैमूरचा आकडा हेच शिकवतो की शंका नसतानाही विचारावे.

म्हणून कोणी शेजारी ‘ती भूमी ऐतिहासिकदृष्ट्या आमची’ म्हणून सैन्य पाठवतो तेव्हा मी इतिहास बघत नाही. आत असलेल्या लोकांपैकी कोण त्याला बोलावत होते, त्यासाठी त्यांनी काय सोसले, बोलण्याची किती दारे ठोठावली गेली आणि ती कोणी बंद ठेवली, हे बघते माझी नजर. पांडव पाच गावांवर तयार झाले होते आणि कृष्ण स्वतः शिष्टाईला गेला होता, म्हणून कुरुक्षेत्राचा दोष कोणाचा हे आपण सांगू शकतो. ज्याने शिष्टाई केलीच नाही त्याला तो आधार नाही.

गोव्याच्या विजयाचे काही वाईट परिणाम झाले का?

एक मोठा झाला. छत्तीस-चाळीस तासांत मिळालेल्या यशाने दिल्लीत स्वतःच्या लष्करी तयारीबद्दल भलताच विश्वास निर्माण झाला. दहा महिन्यांत, २० ऑक्टोबर १९६२ ला, चीनचा हल्ला झाला आणि मेनन यांना जावे लागले. थकलेल्या, एकाकी सैन्यावरचा विजय हिमालयात कामाला येत नाही हे सांगणारे लोक तेव्हाही होते.

पोर्तुगालने गोवा गेल्याचे कधी मान्य केले? आणि कैद्यांचे काय झाले?

पोर्तुगीज युद्धकैदी मे १९६२ मध्ये मायदेशी पोचले. परतीला उशीर झाला तो बराचसा लिस्बनच्या हट्टामुळे.

उलट बाजूची गोष्ट मराठी वाचकांनी विसरू नये. सांगलीचे मोहन रानडे गोव्यात शिक्षक म्हणून गेले आणि आझाद गोमंतक दलात लढले. १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. शिक्षा सव्वीस वर्षांची. गोवा मुक्त झाला तेव्हा ते पोर्तुगालच्या तुरुंगात होते आणि त्यानंतरही सात वर्षे तिथेच राहिले. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले. जानेवारी १९६९ मध्ये रानडे सुटले. युद्ध जिंकल्यावर आपल्या कैद्यांना सोडवून आणणे ही जिंकणाऱ्याची पहिली जबाबदारी असते. ती पार पाडायला आपल्याला सात वर्षे लागली, आणि याबद्दल मला आजही राग आहे.

पोर्तुगालने गोव्यावरचे भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येते. ही सोय वापरून अनेक गोवेकर युरोपात नोकरीला गेले. ते पोर्तुगीज राजवटीला कौल देत आहेत असे कोणी म्हटले तर ते चूक आहे. ते रोजगार शोधत आहेत, आणि ज्या पोर्तुगालकडे ते अर्ज करतात तिथे आता निवडणुका होतात.